ग्वाल्हेरचा धूर आणि ताईचे पाहुणे

मी ग्वाल्हेरला फिरायला गेले नव्हते. ताईला आणि दाजींना तिथून घेऊन यायला गेले होते.

माझा भाचा अभिजित पुण्यात असतो. एप्रिल संपता संपता त्याचा फोन आला. "मावशी, बाबांचा दमा वाढलाय. तिथल्या टेकड्या पेटल्यात, शिवाय शेतांत गव्हाची नरवाई जाळतायत. आई फोनवर काही सांगत नाही, नुसती खोकते. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

नरवाई म्हणजे कापणीनंतर रानात उरलेली धसकटं. ती जाळली की पुढच्या पिकाला रान लवकर मोकळं होतं. ते मला समजलं. ताई माझं कधीपासून ऐकायला लागली, ते मात्र समजलं नाही. तरी मी नोकरी करते त्या भोरच्या पोस्टात रजा टाकली आणि निघाले. परतीची तिकिटं मात्र तिघांची काढून ठेवली.

वणवा मला नवा नाही. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटतात. माणसं निरगुडीचे ओले डहाळे घेऊन वर चढतात आणि आग झोडपून विझवतात. लहानपणी मीही गेलेय. दुसऱ्या दिवशी डोंगर काळा आणि आभाळ निळं. धूर घाटावरून कुठल्या कुठे निघून जातो. त्यामुळे अभिजितचं बोलणं मला जरा जास्तच वाटलं होतं. ग्वाल्हेरच्या स्टेशनावर डब्याचं दार उघडलं आणि माझं मत बदललं. समोरच्या फलाटावरचे दिवे भर सकाळी पिवळे दिसत होते. आमच्या डोंगरांवरून धूर जातो. इथे तो टेकड्यांच्या मधे बसून राहतो.

दर्पण कॉलनीच्या पुढे

ताईचं घर दर्पण कॉलनीच्या पुढे, नव्या बंगल्यांच्या एका सोसायटीत आहे. सोसायटीचं नाव लिहीत नाही, कारण ताईला अजून तिथे राहायचंय.

दारात ताईने मला जवळ घेतलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि खोकली. "हात-मुँह धुऊन घे आधी. नाश्ता तयार आहे." तिला इकडे येऊन पस्तीसेक वर्षं झाली. तिच्या मराठीत हिंदी अशी शिरलीय की कुठे काय संपतं ते तिला स्वतःलाही कळत नाही. नाश्त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली बेडई होती. बेडई म्हणजे डाळीचं सारण भरलेली जाड, कुरकुरीत पुरी. सोबत बटाट्याची झणझणीत रस्साभाजी. दुपारी मात्र चिंच-गुळाची आमटी, थेट आमच्या आईच्या हातची.

दाजी खुर्चीत बसून होते. वीजखात्यातून निवृत्त झालेले, सहा फुटांचे, मिशा अजून पीळदार. पण बोलताना वाक्य मधेच तोडून श्वास घ्यायला थांबत होते. त्यांचे पूर्वज फलटणकडचे शिलेदार. महादजींच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले.

मी तिकिटांचं सांगितलं. ताई "बघू" म्हणाली आणि उठून गेली. दाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"आमचे लोक इथे घोड्यावर बसून आले, शैला. मी काय धुराला घाबरून ट्रेनने पळून जाऊ?"

"दाजी, घोड्यांना दमा नव्हता."

ते हसले, आणि हसल्यामुळे बराच वेळ खोकत राहिले.

त्या घरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. झोपायच्या खोलीला एसी होता, बाकी सगळीकडे कूलर. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, वाहत होती, भिंती तव्यासारख्या तापलेल्या. कूलर लावला की तो बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे धूरही ओढतो. बंद केला तर जीव भाजतो. धुरात खिडकी लावून बसा, असं वर्तमानपत्र सांगतं. ज्याच्याकडे एसी आहे त्याने ते ऐकावं. कूलरवाल्याने काय करायचं आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने कुठे जायचं, ते वर्तमानपत्रात नव्हतं.

महाराज बाडा

दुसऱ्या दिवशी दाजींनी हट्ट धरला की मला लष्कर भागातल्या बाड्याच्या चौकात नेऊन कचोरी खिलवणार. ताईने नको म्हटलं, मी नको म्हटलं, आणि आम्ही तिघं रिक्षात बसलो. बाड्यावर नेहमीसारखी गर्दी होती. टेंपोवाले ओरडत होते, कापडाच्या दुकानांपुढे बायका घासाघीस करत होत्या. फरक एवढाच, की निम्म्या माणसांच्या तोंडाला ओला गमछा होता. चौकातल्या दगडी इमारतींच्या माथ्यावरचं नक्षीकाम धुरात विरघळून गेलं होतं.

कचोरी कढीत बुडवून द्रोणात देतात. आमच्याकडे कढी भाताची, इथे ती कचोरीची. मी मास्क खाली ओढला, पहिला घास घेतला, आणि मसाला लागला की धूर लागला कोण जाणे, असा ठसका आला की द्रोण दाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर उपडा झाला. दाजींनी सदऱ्याकडे पाहिलं. "साठ वर्षं इथे कचोरी खातोय. अंगावर पहिल्यांदा आली." दुकानदाराने हसत दुसरा द्रोण दिला.

मग त्यांनी काठी उचलून समोरच्या राखाडी आभाळाकडे रोखली. "तो बघ किल्ला."

मला काही दिसलं नाही.

"मला पण नाही दिसत. पण आहे."

परत निघताना त्यांना रिक्षापर्यंत चालवेना. एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर ते बसले, खिशातून दम्याचा पंप काढून तोंडात मारला. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, आता ही पुण्याला यायला तयार होईल.

किला गेट

ताई किला गेटजवळ एका खोलीत बायकांना शिवण शिकवते. त्या बायकांची वस्ती त्याच्या मागे, टेकडीच्या उतारालाच टेकलेली आहे. तिसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. शिवणयंत्रं झाकलेली होती. शिकायला कोणीच आलं नव्हतं.

"चल, घरीच जाऊन बघू," ताई म्हणाली.

गल्ली चढावाची. वर उतारावर वाळलेलं गवत आणि काटेरी झुडपं जळत होती. मोठ्या ज्वाळा नव्हत्या; एक लाल रेघ हळूहळू सरकत होती आणि तिच्यातून धूर पाण्यासारखा खाली, घरांच्या दिशेने वाहत होता. माझे हात आपोआप डहाळी शोधायला लागले. तेवढ्यात एका दारातून आवाज आला.

"काए बहनजी, का ढूँढ़ रहीं? यहाँ हरा कहाँ है जो तोड़ोगी?"

ती रामकली, ताईची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. पन्नाशीची, काटक, डोळे लाल झालेले. तिने सांगितलं की बंब खालच्या रस्त्यापर्यंत आला होता, पण गल्ली अरुंद, वर चढता येईना. वस्तीतल्या माणसांनी माती टाकून घरांजवळची आग थोपवली. वरची जळतेच आहे.

रामकलीची सून रेखा आत खाटेवर बसली होती. आठवा महिना. तोंडावर ओली ओढणी. दवाखान्यात तिला सांगितलं होतं की बाहेर पडू नकोस, दार बंद ठेव. दार बंदच होतं. पण छताचा पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट होती, आणि त्या फटीतून धूर आत येताना मला दिसत होता. पत्र्याखाली मला उभं राहवेना. रेखा हळूच म्हणाली, "मौसी, पेट में भी खाँसता होगा क्या?"

ताईने रेखाचे कपडे पिशवीत भरायला सुरुवात केली.

"कहाँ?" रामकलीने विचारलं.

"मेरे घर."

"हम अकेले नहीं हैं, दीदी. पूरी गली है."

ताई दारात जाऊन उभी राहिली. समोरच्या घरात एक म्हातारी खोकत होती. पलीकडे एक बाई मांडीवरच्या बाळाला पदराने वारा घालत होती. ताईला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "जिस-जिसको साँस की तकलीफ है, चलो. टेंपो बुलाओ."

हॉल

दोन टेंपो भरून आम्ही सोसायटीच्या फाटकाशी आलो तेव्हा ऊन कलत होतं. चौकीदार गोंधळला. ताई म्हणाली, "मेहमान हैं," आणि त्याने फाटक उघडलं.

रेखाला आणि बाळाच्या आईला झोपायच्या खोलीत नेलं. दाजी तिथून उठून आधीच बाहेर येऊन बसले होते. बाकीच्यांना एवढ्याशा घरात ठेवणार कुठे? पण सोसायटीचा हॉल होता. लग्नं, वाढदिवस, गणपती तिथेच होतात. चांगले मोठे एसी, घट्ट लागणाऱ्या काचा. आणि दाराला कुलूप.

सचिव धावत आले. तेही मराठीच. त्यांचे पूर्वज दरबारात फडणिशी करायचे; हे स्वतः हिशेब तपासनीस. माणूस वाईट नाही, पण घाबरट.

"वहिनी, हे काय चाललंय? बाहेरच्या लोकांना असं आणता येत नाही."

"बाहेरचे नाहीत. माझे पाहुणे आहेत."

"एवढे सगळे?"

"मराठा घर आहे, भाऊजी. आमच्याकडे पाहुणे मोजत नाहीत."

"अहो, पण उद्या अख्खी वस्ती आली तर?"

"तर हॉल मोठा आहे," ताई म्हणाली.

गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. एक बाई वरूनच म्हणाल्या, "इन्फेक्शन फैलेगा." दुसऱ्या कोणीतरी पोलिसांना फोन करायची गोष्ट काढली. रामकली खाली मान घालून म्हणाली, "दीदी, हम चले जाते हैं." आणि वळलीच. मला राहवलं नाही. मी तिचा हात धरला आणि हॉलच्या पायरीवर बसले. तिला बसावं लागलं. मग तिच्या शेजारी ती खोकणारी म्हातारी बसली, मग सगळ्याच. मी आयुष्यात पोस्टाच्या संपातही घोषणा दिलेली नाही. पण त्या पायरीवरून मला उठवायला चार माणसं लागली असती.

तेवढ्यात दाजी आले. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने प्लॅस्टिकची खुर्ची ओढत. खुर्ची बरोब्बर हॉलच्या दारासमोर ठेवून बसले. श्वास लागल्यामुळे आधी बोलताच येईना. सगळे थांबले.

"नियम मी पण वाचलेत," ते सचिवांना म्हणाले. "सदस्याला त्याच्या कार्यक्रमासाठी हॉल मिळतो. मी सदस्य आहे. माझा कार्यक्रम आहे."

"कसला कार्यक्रम, दादा?"

दाजींनी पंप ओढला. "श्वास घ्यायचा."

सचिवांनी गॅलरीकडे पाहिलं, मग पायऱ्यांवरच्या बायकांकडे, मग दाजींच्या छातीकडे. ती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडताना ते पुटपुटले, "कमिटी माझी सालटी काढेल."

"त्यांना माझ्याकडे पाठव," दाजी म्हणाले.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. बायका पहाटे घरी जाऊन स्वयंपाक उरकायच्या, पुरुषांना कामावर धाडायच्या आणि परत यायच्या. हॉलच्या एका कोपऱ्यात शिवणवर्ग सुरू झाला. दुसरीकडे म्हातारी दिवसभर झोपायची. धूर सुरू झाल्यापासून ती आडवी झाली नव्हती, बसूनच डुलक्या काढत होती. इन्फेक्शनवाल्या बाई दोन दिवस फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरचा एसी बिघडला. त्या हातात कैरीच्या पन्ह्याचा जग घेऊन आल्या आणि कोणाकडे न बघता भिंतीशी बसल्या. रामकलीने सरकून त्यांना जागा दिली.

मग दाजींना मोठा झटका आला.

संध्याकाळची वेळ होती. हॉलमध्ये इतरांना जागा हवी म्हणून ते बाहेर बाकावर जाऊन बसले होते. कोणालाच कळलं नाही. चौकीदाराने हाक मारली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. सचिवांनीच गाडी काढली. मागच्या सीटवर दाजींचं डोकं ताईच्या खांद्यावर होतं आणि ती सारखी म्हणत होती, "अहो, इकडे बघा, माझ्याकडे बघा."

दवाखान्यात त्यांना वाफ दिली, ऑक्सिजन लावला. धोका टळल्याचं डॉक्टर सांगून गेले तेव्हा मी ताईला व्हरांड्यात ओढलं.

"बास झालं ताई. मी तुझं एक ऐकणार नाही. तिकिटं काढलेली आहेत."

"जाऊ, नि मग?"

"मग काय? दाजी वाचतील."

"हे वाचतील. मी वाचेन. रेखाचं कोण तिकीट काढणार?"

"सगळ्यांचं तू नाही बघू शकत."

"सगळ्यांचं कुठे बघतेय मी? माझ्या घरी आलेल्यांचं बघतेय." तिचा आवाज फुटला. "मला काय भीती नाही वाटत, शैले? माझा नवरा आहे तो आत. पण शहर आमचं आहे. ह्याची हवा खराब केली म्हणून आम्हीच निघून जायचं? जाळणाऱ्यांनी नाही?"

आम्ही आत गेलो तर दाजींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. नर्स ओरडली. तरी ते बोललेच. "शैला, तुझं तिकीट ठेव. आमची दोन रद्द कर."

मी ती तिथेच, त्यांच्या खाटेशी उभी राहून रद्द केली. अभिजितला फोन केला तेव्हा तो भरपूर बोलला. त्याचं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "बाबा, तूच ये आणि बघ. मग बोल." दाजी घरी आले ते झोपायच्या खोलीतच राहिले, रेखाशी पत्ते खेळत. सचिवांनी हॉलची किल्ली परत मागितली नाही.

मंगळवार

मध्य प्रदेशात मंगळवारी सरकारी कचेरीत जनसुनवाई असते. कोणीही जाऊन अधिकाऱ्यासमोर तक्रार मांडू शकतो. माझी गाडी दुसऱ्या दिवशीची होती, म्हणून मीही गेले. ताई, रामकली, रेखा, त्या म्हातारीसह वस्तीतल्या दहा-बारा जणी आणि, माझा विश्वास बसेना, पन्ह्यावाल्या बाई. रेखाला सगळ्यांनी घरी राहायला सांगितलं होतं. ती टेंपोत चढून बसली.

खूप वेळ थांबल्यावर आत बोलावलं. खोली गार, काचा बंद, पडदे ओढलेले. अधिकारी तरुण होते आणि तोडून बोलत नव्हते. ताईने मागण्या सांगितल्या. पुढच्या उन्हाळ्याआधी वस्तीच्या वरचं गवत कापून आगीसाठी पट्टा मोकळा सोडा. गल्लीतून जाईल असा छोटा बंब ठेवा. धुराच्या दिवसांत एसी असलेले हॉल, सरकारी असोत की सोसायट्यांचे, सगळ्यांना उघडे करा.

अधिकाऱ्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "देखिए, मौसम की बात है. आठ-दस दिन में हवा बदल जाएगी. धुआँ तो सबके लिए बराबर है, माताजी. हम भी इसी शहर में साँस ले रहे हैं."

ताई काही बोलणार होती. त्याआधी रेखा उठली. त्या दिवसांत तिचा आवाज मी दोन-तीनदाच ऐकला असेल. एका हाताने कंबर धरून ती खिडकीपाशी गेली, पडदा सारला, कडी काढली आणि दोन्ही झडपा उघडल्या.

धूर लगेच आला. गरम झळेबरोबर, जळक्या गवताचा वास घेऊन. टेबलावरचे कागद हलले. शिपाई पुढे सरकला, पण रेखा खिडकीला पाठ टेकून उभी राहिली आणि त्या पोटाला बाजूला कोण करणार?

"अब बराबर है, साहब," ती म्हणाली.

मग म्हातारी खोकली. मी खोकले. कारकून खोकला. शेवटी अधिकारी खोकले, पाण्याचा ग्लास उचलून घोटभर प्यायले आणि पुन्हा खोकले. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतील. त्यांनी डोळे पुसले आणि कारकुनाला म्हणाले, "इनके लिए कुर्सियाँ लाओ. और लिखो."

काय मिळालं तेही सांगते. हॉलचा आदेश त्याच आठवड्यात निघाला. टेकडीवरचा पट्टा पावसाळ्यानंतर कापायचं कबूल झालं. छोट्या बंबाचं "देखेंगे" झालं. ताई म्हणते, त्या "देखेंगे"साठी दर मंगळवारी जाणार. रेखाला जूनमध्ये मुलगी झाली. वजन जरा कमी आहे, पण रडते दणक्यात, असं दाजींनी फोनवर सांगितलं.

त्या दिवशी मात्र आम्ही बोलणं संपवून उठलो, तेव्हा शिपाई घाईघाईने खिडकी लावायला निघाला. रामकली दारातून मागे वळली.

"रहने दो, भैया. अगली गली वाले बाहर बैठे हैं. उनकी भी सुन लें, फिर लगा देना."

शिपायाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. खिडकी उघडीच राहिली.